तेरा दिवसांचं बाळंतपण : डॉक्टर होता होता आई झालेल्या बायकांची गोष्ट

  एपिसोड ऐकायला ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. ऑटोत, मेट्रोत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कुठेही वाचा.

आज मी दोन आकडे घेऊन आलोय.

पहिला आकडा आहे तेरा. फेब्रुवारी १८८८. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी एका परिचिताला पत्र लिहिलं. त्या तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या आणि जगभर त्यांचं नाव होतं. कलकत्त्यात एक मिसेस गांगुली नावाची तरुणी डॉक्टरी शिकतेय, तिच्याबद्दल काही माहिती आहे का, अशी त्यांनी या पत्रात विचारपूस केली आहे. पत्रातलं आश्चर्य लपत नाही. ही मुलगी डॉक्टर व्हायचं ठरवल्यावर लग्न करते, तिला एक, कदाचित दोन मुलं होतात, आणि बाळंतपणासाठी ती गैरहजर राहते फक्त तेरा दिवस. बहुधा एकही लेक्चर तिने चुकवलेलं नाही, असंही नाइटिंगेल लिहितात.

दुसरा आकडा अकरा. साल २०१७, शहर दिल्ली. डॉ. कविता यादव एका सरकारी हॉस्पिटलात करारावर सिनियर रेसिडेंट होत्या. त्यांनी १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. करार संपत होता ११ जूनला. म्हणून त्यांना सांगण्यात आलं, की तुमच्या रजेचा लाभ अकरा दिवसांचाच.

दोन्ही बायका डॉक्टर. मध्ये गेली १२९ वर्षं. आणि आकडा तेरावरून अकरावर आला!

दिल्लीच्या केसचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण आजचा प्रश्न त्याहून मोठा आहे. दुसऱ्यांची बाळंतपणं करायला शिकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बाळंतपणाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे कधी, कुणी आणि कसा सोडवला? की सोडवलाच नाही?

आधी हे नीट समजून घेऊ

शिकाऊ डॉक्टर म्हणजे कोण? एमबीबीएस साडेपाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. मग सरकारी कॉलेजवाल्यांना बॉण्ड. मग नीट पीजी, त्यात एखादं वर्ष रिपीट. मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. या तीन वर्षांत त्यांना आपण निवासी डॉक्टर किंवा रेसिडेंट म्हणतो. जेआर-वन, जेआर-टू, जेआर-थ्री. आपल्या नागपुरात मेडिकलला किंवा मेयोला रात्री दोन वाजता कुणाला घेऊन गेलात, तर पहिला भेटणारा डॉक्टर बहुतेक रेसिडेंटच असतो.

आता वयाचं गणित करा. रेसिडेन्सी सुरू होते पंचविशीच्या आसपास आणि संपते तिशीकडे. म्हणजे मूल होण्याचं जे वय, तेच नेमकं ट्रेनिंगचं वय. दोन्ही एकाच वेळी येणार हे ठरलेलंच आहे. एखादीवर अचानक आलेलं हे संकट नाही, त्यामुळे त्याची आधीच सोय करता येते. केली का, ते बघू.

कलकत्त्याची मिसेस गांगुली

तेरा दिवसांची ती विद्यार्थिनी म्हणजे कादंबिनी गांगुली. १८८३ साली त्या बी.ए. झाल्या. त्या आणि चंद्रमुखी बसू या ब्रिटिश भारतातल्या पहिल्या दोन महिला पदवीधर. त्याच वर्षी द्वारकानाथ गांगुली यांच्याशी लग्न, आणि मग कलकत्ता मेडिकल कॉलेज. तिथे बाईला घ्यायचं की नाही यावरच आधी रण माजलं होतं. सिनेमाप्रेमींसाठी एक माहिती: द्वारकानाथांची पहिल्या लग्नाची मुलगी ही सत्यजित राय यांची आजी. म्हणजे कादंबिनी राय यांच्या सावत्र पणजी लागतात.

त्यांच्या घरी एकूण आठ मुलं होती. १८९१ मध्ये 'बंगबासी' या पत्राने त्यांच्या चारित्र्यावर घाण शब्दांत चिखलफेक केली. बाई घराबाहेर पडून डॉक्टरी करते, सभांना जाते, हाच गुन्हा. गांगुली दांपत्य कोर्टात गेलं आणि संपादकाला तुरुंगवास झाला. पुढे मुलांना मागे ठेवून कादंबिनी ब्रिटनला गेल्या आणि १८९३ मध्ये तिथल्या वैद्यकीय पदविका घेऊन परत आल्या.

कर्तृत्व जबरदस्त, यात वादच नाही. पण नाइटिंगेलबाईंचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वेगळंच काही दिसलं. त्या पत्रात तेरा दिवस हे कौतुक आहे. बाई लवकर परत आली, म्हणून ती चांगली विद्यार्थिनी. तिला तेराच दिवस का मिळाले, हे त्यात कुणी विचारत नाही. कादंबिनीसमोर दुसरा पर्याय काय होता? लेक्चर बुडालं असतं तर, बघा, आम्ही म्हणतच होतो, बायकांना हे जमणार नाही, असं म्हणायला अख्खं कॉलेज तयार बसलं होतं. ती पटकन उठून आली कारण तिच्या मागे येणाऱ्या सगळ्या मुलींचा हिशेब तिच्या हजेरीवर लागणार होता.

आणि गंमत बघा. आपल्याकडे बाळंतिणीसाठी सव्वा महिन्याची पद्धत आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई. घरातली अशिक्षित आजीसुद्धा सांगेल, की बाळंतीण सव्वा महिना उठत नाही. त्या पद्धतीत सोवळंओवळं वगैरे नको त्या गोष्टीही होत्या. पण या बाईला आता विश्रांती हवी आणि सोबत हवी, एवढी एक शहाणी गोष्ट त्यात होती. आधुनिक कॉलेजच्या इमारतीत शिरताना तेवढीच नेमकी बाहेर राहिली.

आनंदीबाई आणि एक अनोळखी मावशी

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, सिनेमाही पाहिला असेल. म्हणून थोडक्यात. जन्म १८६५. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळायला हवेत, हे त्यांना तिथे लख्ख कळलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय कोणता? प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जे स्वतः भोगलं, त्याचाच अभ्यास.

आनंदीबाईंचं आईपण शिक्षणाच्या आधी आलं, कादंबिनींचं शिक्षणाच्या मधोमध. दोघींनाही कॉलेजच्या नियमात जागा नव्हती. मग त्या टिकल्या कशाच्या जोरावर?

माणसांच्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. समोर एक मिशनरी मासिक पडलं होतं. त्यात गोपाळराव जोशी यांचं, बायकोला शिकवायची इच्छा सांगणारं पत्र छापलं होतं. ते वाचून या बाईंनी कल्याणच्या मुलीला पत्र लिहायला घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. अमेरिकेत उतरल्यावर घर मिळालं ते या मावशीचं. कॉलेजात डीन रेचल बॉडली यांनी हात धरला. आणि इतकं होऊनही शरीर थकलंच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक हातात होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. वय वर्षं एकवीस.

दाताच्या दवाखान्यात मासिक पडलेलं नसतं तर? यातला योगायोगच मला अस्वस्थ करतो. त्या काळात शिकणाऱ्या बाईला आधार मिळाला तो नशिबाने. कुणाला मावशी भेटली, कुणाला चांगला नवरा, कुणाला चांगली डीन. जिला यातलं कुणीच भेटलं नाही, तिचं नाव आज तुम्हा-आम्हाला माहीत नाही.

गिरणीतल्या बाईला कायदा मिळाला

आता थोडा गिअर बदलूया. कारण रजेचा कायदा डॉक्टरांपासून सुरू झालाच नाही. तो सुरू झाला गिरणीपासून. आणि यात आपलं नागपूर आहे.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापडगिरण्यांत रीलिंग, वाइंडिंग अशा खात्यांत बायका काम करायच्या. बाळंतपण आलं की काम गेलं, पगार गेला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रसूती रजेचा पहिला करार केला: बारा आठवडे. आपल्याकडे कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते पडलं.

मग १९२८. मुंबई विधान परिषदेत असंच विधेयक चर्चेला होतं. २८ जुलैला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. आणि बाईच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो, म्हणून त्यानेही त्यात वाटा द्यायला हवा.

म्हणजे बाळंतपण हा बाईचा खाजगी मामला, तिचं ती बघून घेईल, हे बाबासाहेबांनी सभागृहात उभं राहून नाकारलं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताने स्वतःचा प्रसूती लाभ कायदा केला. या मध्य प्रांताची राजधानी होती आपलं नागपूर. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कायद्यांमध्ये हा मोडतो. शाळेच्या पुस्तकात मला हे कुणी शिकवलं नाही, तुम्हालाही शिकवलं नसेल.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला. बारा आठवडे पगारी रजा. २०१७ मध्ये ती सव्वीस आठवडे झाली. पण त्या कायद्यात फक्त रजा नाही, अजून तीन गोष्टी आहेत. एक, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईकडून काम करून घ्यायचंच नाही. दोन, बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात, तिने मागणी केली तर, तिला जड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम द्यायचं नाही. तीन, कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन जादा सुट्ट्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा गाभा कायम राहिला.

तासन्‌तास उभं राहण्याचं काम. हे वाक्य लक्षात ठेवा आणि मनात ऑपरेशन थिएटर आणा.

नागपूरच्या दोन बायका

कायदा व्हायच्या नऊ वर्षं आधी, १९२१ मध्ये, नागपुरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताईंना लहान वयात वैधव्य आलं होतं. डफरिन हॉस्पिटलमध्ये त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि मग वेणूताईंसोबत छोटं प्रसूतिगृह काढलं. त्यातून पुढे विदर्भभर शाखा झाल्या. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. सीताबर्डीवरून जाताना मातृसेवा संघाची पाटी तुम्ही पाहिली असेल. आपल्यापैकी कित्येकांच्या आई-आजी तिथे बाळंत झाल्या असतील.

या दोघी डॉक्टर नव्हत्या. तरी त्या या गोष्टीत हव्यात, कारण त्यांनी मावशी भेटण्याचं नशीब बाजूला सारून संस्था उभी केली. ज्या बाईला कुणीच नाही, तिनेही दार वाजवावं आणि आतून कुणीतरी उघडावं. व्यवस्था म्हणतात ती हीच.

आता प्रश्न असा, की नागपुरातल्या गिरणीकामगार बाईला १९३० मध्ये कायदा मिळाला, गरीब बाळंतिणीला १९२१ मध्ये संस्था मिळाली, मग शिकाऊ डॉक्टरीण कुठे अडकली?

विद्यार्थी की कर्मचारी?

ती अडकली एका शब्दात. कायदा म्हणतो कामावर असलेली स्त्री. रेसिडेंट वॉर्ड सांभाळते, इमर्जन्सी सांभाळते, तिला स्टायपेंड मिळतो, म्हणजे ती कामावर आहे. पण कागदावर ती पीजीची विद्यार्थिनी. ड्यूटी लावताना कर्मचारी, हक्क मागताना विद्यार्थी!

निवासी डॉक्टरांची संघटना, मार्ड, ऑगस्ट २०१९ मध्ये संपावर गेली तेव्हा बातम्या आल्या त्या मुख्यतः स्टायपेंडच्या. पण मागण्यांच्या यादीत प्रसूती रजा आणि टीबी झाल्यास रजा, या दोन्ही होत्या. टीबी वॉर्डात काम करून टीबी झाला तर रजा द्या, आणि लेबर रूममध्ये काम करणारीला बाळंतपणाची रजा द्या. २०१९ मध्ये हे मागावं लागत होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पीजीचे नवे नियम काढले. त्यात स्पष्ट लिहिलं, की महिला पीजी विद्यार्थ्यांना सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळेल. बाबांसाठी पितृत्व रजाही आहे. चांगलं झालं. पण त्याच नियमांत ८० टक्के हजेरीची अट आहे, आणि मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस गेले तर कोर्स तेवढा लांबतो.

आणि दिल्लीची केस? प्रशासकीय न्यायाधिकरणात डॉ. यादव हरल्या, हायकोर्टातही हरल्या. १७ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. प्रसूतीचा लाभ कराराच्या मुदतीनंतरही चालू राहू शकतो, कायद्याने दिलेली रजा करार संपला म्हणून कापता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. अकराचे सव्वीस आठवडे झाले. पण तोवर ते बाळ सहा वर्षांचं होऊन शाळेत जायला लागलं असणार.

रजा संपल्यावरचा पहिला दिवस

इथपर्यंत तुम्हाला वाटेल, रजा मिळाली ना, मग प्रश्न सुटला. मलाही या विषयाचा पुढचा भाग कळला तो माझ्या मावसबहिणीमुळे. तिला मी ताईच म्हणतो. ती भूलशास्त्रात पीजी करत होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

मी तिला विचारलं, "ताई, रजा तर मिळाली होती ना तुला?"

ती म्हणाली, "मिळाली रे. रजेचं काही नाही. परत आल्यावरचं कुणी सांगत नाही."

मग ती सांगत गेली. सहा महिने तिने लॅरिंगोस्कोप हातात धरला नव्हता. परत आल्यावर तिसऱ्याच रात्री इमर्जन्सीत पेशंटच्या घशात नळी घालायची वेळ आली. हात थरथरला, पण जमलं. सोबत उभा असलेला ज्युनियर तिच्याहून सराईत झाला होता. बॅचमेट पुढे निघून गेलेले. तिच्या गैरहजेरीत तिच्या ड्यूट्या दोघांनी मिळून उचललेल्या, कारण बदली माणूस दिलाच नव्हता. त्यामुळे ते दोघं तिच्याशी धड बोलत नव्हते. दूध काढायला जागा नाही, म्हणून स्टोअर रूममध्ये कपाटाच्या आड. थिसिसची मुदत तीच. आणि सगळ्यात वाईट काय, तर राउंडला एक सिनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम आता आई झाल्यात, यांना अवघड केस नका देऊ." ऐकायला सहानुभूती. पण केस मिळाली नाही तर शिकणार कधी?

"मला सुट्टी नको होती बाप्पा," ताई म्हणाली. "मला कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं, की तू परत कशी येणारेस?"

मी आयटीत काम करतो. आमच्या टीममधली एक सिनियर सव्वीस आठवड्यांच्या रजेवर गेली, तेव्हा महिनाभर आधी हँडओव्हर झालं, तिच्या जागी माणूस आला, आणि ती परतली तेव्हा पहिले दोन आठवडे तिला फक्त नवा कोड समजून घ्यायला दिले. आम्ही काय करतो? एका ॲपचं पेमेंटचं पान सांभाळतो. ते बंद पडलं तर लोक चिडतात, मरत नाहीत. ताईच्या हातात माणसाचा श्वास होता आणि तिला परतल्यावर तीनच दिवस मिळाले.

'कोचिंग' म्हणजे क्लास नव्हे

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की नीट-जेईईचे क्लास डोळ्यासमोर येतात. पण जगात शिकाऊ डॉक्टर आयांसाठी जे कोचिंग सुरू झालंय, ते वेगळं. त्यात विषय शिकवत नाहीत. एक प्रशिक्षित माणूस, जो तिचा परीक्षक नाही, बॉसही नाही, तिच्याशी ठरावीक वेळा बसून बोलतो. रजेवर कधी जायचंय, परत येताना कशाची भीती वाटतेय, कोणतं कौशल्य गंजलंय, थिसिसचं काय, घरी कोण आहे. आणि मग दोघं मिळून आराखडा करतात.

इंग्लंडमध्ये लांब रजेनंतर ट्रेनिंगमध्ये परतणाऱ्या डॉक्टरांसाठी अशी सरकारी योजनाच आहे. रजेआधी एक बैठक, परतण्याआधी एक बैठक, परतल्यावर काही काळ सिनियरच्या देखरेखीखाली काम, आणि हवं असेल तर कोचिंग. शिवाय तिथल्या कायद्यात रजेवर असतानाही दहा दिवसांपर्यंत कामाशी संपर्क ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे बाई मनात असेल तर एखाद्या ट्रेनिंगला येऊन जाऊ शकते, आणि त्यामुळे तिची रजा संपत नाही.

अमेरिका या बाबतीत आपल्याही मागे होती. तिथे देशपातळीवर पगारी प्रसूती रजेचा कायदाच नाही. पण २०२१ पासून तिथल्या वैद्यकीय बोर्डांनी ठरवलं, की दोन वर्षं किंवा त्याहून मोठ्या कोर्समध्ये एकदा किमान सहा आठवडे रजा घेतली तर ट्रेनिंग लांबवायचं नाही. २०२२ पासून किमान सहा आठवडे पगारी रजा देणं ट्रेनिंग देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक झालं. आपली रजा त्यांच्याहून कितीतरी मोठी आहे. परत आणून बसवण्याची व्यवस्था मात्र इंग्लंडकडे जास्त चांगली आहे. दोन्ही एकत्र का असू नयेत?

मग आपल्याकडे काय करता येईल?

फार पैसे लागतील असं नाही. ताईशी बोलून मी ही यादी केली.

पहिली गोष्ट, गरोदर असल्याचं कळवल्यावर एक बैठक. त्यात ड्यूटीचं वेळापत्रक, शेवटच्या महिन्यांतल्या नाइट, उभं राहण्याचं काम, आणि एक्स-रेचा प्रश्न. ऑर्थो, भूलशास्त्र, रेडिओलॉजी इथे हा प्रश्न खरा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे, की गर्भधारणा कळल्यापासून पुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये. नियम आहे, पण पोरगी सांगायलाच घाबरली तर नियमाचा उपयोग काय?

दुसरी, बदली माणूस. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकीच्या रजेचं ओझं दोघांवर टाकलं की भांडण रेसिडेंटचं रेसिडेंटशी लागतं, आणि ज्यांनी माणसं भरायला हवीत ते नामानिराळे राहतात. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपर्यंतच ड्यूटी असं लिहिलं होतं. २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगाच्याच टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत अपेक्षाच २६ तासांनी वाढली! मुळात ड्यूटी माणसाला झेपेल एवढी असती, तर गरोदर बाईसाठी वेगळी सवलत मागायची वेळ निम्म्याहून कमी वेळा आली असती.

तिसरी, परतल्यावरचे दोन आठवडे. सिनियर सोबत, आधी पुतळ्यावर सराव, मग साध्या केसेस, मग इमर्जन्सी. यात पेशंटचंही भलं आहे.

चौथी, एक ताई. प्रत्येक कॉलेजात रेसिडेन्सीत आई झालेल्या डॉक्टर आहेतच. कुणी लेक्चरर आहे, कुणी प्रोफेसर. त्यांना बोलण्याचं थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि नव्या मुलीशी जोडून द्यायचं. हेच कोचिंग.

पाचवी, दार बंद होणारी एक खोली, खुर्ची आणि छोटा फ्रीज. बस.

कुणी म्हणेल, कादंबिनी तेरा दिवसांत उभी राहिली, आजच्या मुलींना एवढं सगळं कशाला? मला उलटं वाटतं. कादंबिनीने तेरा दिवसांत परत येऊन दार उघडलं, ते तिच्यानंतरच्या मुलींनाही तेराव्या दिवशी उठावं लागावं म्हणून नव्हे. तिच्या धाडसाचा मान ठेवायचा तर ते धाडस पुन्हा कुणाला करावं लागू नये.

तुमच्यापैकी कुणी रेसिडेंट असेल, किंवा कुणाची बहीण, बायको, मैत्रीण रेसिडेंट असेल, तर तिच्या कॉलेजात रजेनंतर परत येण्याची काय पद्धत आहे, एवढं विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. नाव, कॉलेज सांगू नका, अनुभव सांगा. पुरेशा नोट्स आल्या तर त्यावर एक वेगळा एपिसोड करू. आणि वॉर्डात एखादी डॉक्टरीण पोटाशी हात धरून भिंतीला टेकलेली दिसली, तर रागावण्याआधी तिला खुर्ची द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!